रजेसाठी मारलेले नातेवाईक

सिनेमात मी पहिल्यांदा दिसलो तो पाठमोरा. ऐंशीच्या सुमारास जळगावजवळच्या एका केळीच्या मळ्यात शूटिंग चाललं होतं आणि त्यांना एक हवालदार हवा होता, चोर दिसताच स्वतःच पळ काढणारा. मी भुसावळला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून होतो, कॉलनीच्या गणपतीत नाटकं करायचो. एवढ्या भांडवलावर कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी पळालो, पाटात पडलो, टोपी वाहत चालली म्हणून ती धरायला पुन्हा पडलो. दुसरं पडणं कागदावर नव्हतं. दिग्दर्शक पोट धरून हसला आणि दुसऱ्या दिवशी त्यानं मला समोरून घेतलं.

त्यानंतर वीसेक वर्षं मी पडतच राहिलो. हवालदार झालो, हॉटेलातला पोऱ्या झालो, लग्नं जमवणारा मध्यस्थ झालो, सावकाराचा मुनीम झालो, सुईला घाबरणारा कंपाउंडर झालो. प्रत्येक हिरोनं मला एकदा तरी थोबाडीत मारली आहे. पडद्यावर नावं यायची तेव्हा माझं नाव बहुतेक वेळा यायचंच नाही, 'आणि इतर' यायचं. ऑफिसातल्या लोकांनी ठरवून टाकलं होतं की हे खूळ वर्षभरात उतरेल. मी मुळात हट्टी, त्यात कुणी असं ठरवलं की माझं डोकं फिरतं. नोकरी सोडली नाही आणि नटही राहिलो. दिवाळीची रजा, आजारपणाची रजा, हक्काची रजा, सगळी कोल्हापूरला आणि पुण्याला खर्ची घातली. बायको म्हणायची, तुम्ही घरी पाहुण्यासारखे येता. खरंच होतं ते, पण मी ऐकलं नाही.

आमच्यासारख्या विनोदी नटाला लिहिलेलं काही मिळत नाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसतं. हिरोच्या संवादांची पानंच्या पानं असायची आणि माझा प्रसंग आला की लेखकानं नुसतं लिहिलेलं असायचं, 'इथे विनोद'. दिग्दर्शक म्हणायचा, तुमचं काहीतरी करा. ते काहीतरी मी पार्सल ऑफिसातून नेत असे. भिजलेल्या गाठोड्यावरून तासभर भांडणारा व्यापारी, स्वतःची पेटी ओळखू न शकणारा पाहुणा, सही करताना जीभ बाहेर काढणारे साहेब, सगळे मी वापरून टाकले. एक गोष्ट मात्र माझी स्वतःची होती. मी हसत नसे. थाप मारायच्या आधी मी समोरच्याकडे असा काही दुःखी बघत असे की लोक बोलण्याआधीच फुटायचे. पुढे या दुःखी चेहऱ्यानंच माझा घात केला.

टीव्हीवर दर आठवड्याला मालिका लागू लागल्या, त्यातल्या एकीत मला सरकारी कचेरीतल्या शिपायाचं काम मिळालं. पहिल्या भागात त्याला रजा मागायची होती, आणि कागदावर नेहमीप्रमाणे 'इथे विनोद'. आमच्या ऑफिसात एक हमाल होता, तो रजेसाठी दर महिन्याला एक आत्या मारायचा. मला तो आठवला. मी टोपी काढली, साहेबाच्या टेबलासमोर उभा राहिलो, माझा तो चेहरा केला आणि म्हणालो, "साहेब, मावशी गेली." सेटवर दिवे धरणारे लोकसुद्धा हसले. मग दर आठवड्याला माझा एक नातेवाईक जाऊ लागला. मावशा संपल्या, काका संपले, मेहुणे संपले, एक सासरा तर विसरून दोनदा मारला. साहेब विचारायचा, आता कोण? जळगावच्या बाजारात मी भाजी घ्यायला थांबलो की भाजीवाली विचारायची, आता कोण? मी तोंड पाडून म्हणायचो, चुलतभाऊ. ती खुशीनं मूठभर मिरच्या जास्त टाकायची. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला सांगू?

एकदा आईला मारायचं असं वर ठरलं. मी नाही म्हणालो. दिग्दर्शकाला वाटलं मी पैसे वाढवून मागतोय. मी म्हणालो, माझी माय गावाकडं जिवंत आहे, ती ही मालिका बघते, आणि तिनं मला बजावलं आहे की मला त्यात मारू नको. आई आणि बाप सोडून सबंध खानदान तुमचं. त्यानं दुसरा नट बघण्याची भाषा केली. मी मेकअप पुसला आणि बॅग भरायला लागलो. शेवटी त्या आठवड्यात आईऐवजी सासूचा बळी गेला आणि गाडी पुढं सरकली.

माझं गाव धुळे जिल्ह्यात, दोंडाईच्यापासून जवळच. तिथं आबा, म्हणजे वडील, माय आणि थोरला भाऊ. भावाला आम्ही सगळे नाना म्हणायचो. तो गावच्या शाळेत हेडमास्तर, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, आणि त्याला हसताना मी फारसं पाहिलेलं नाही. माझ्या कामाबद्दल त्यानं कधी वाईट शब्द काढला नाही, चांगलाही काढला नाही. मालिका चालू असतानाच आबा गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी सगळं संपलं.

आमच्याकडं माणूस गेलं की लोक दारावर येतात. आठवडाभर, दहा दिवस, सुतक फिटवणारी गंधमुक्ती होईपर्यंत ट्रॅक्टर भरून, बस भरून नातेवाईक आणि ओळखीचे येत राहतात. बायका आत जाऊन रडतात. पुरुष बाहेर सतरंजीवर डोकं झाकून बसतात, आणि जरा वेळानं त्यांच्यातला वडीलधारा विचारतो, काय झालं होतं? मग घरच्या कर्त्यानं सगळं पहिल्यापासून सांगायचं. ती माणसं उठतात, दुसरी येतात, पुन्हा विचारतात, पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. कंटाळा करायचा नाही, काही गाळायचं नाही. दारावर जो बसतो आणि सांगतो तो त्या घरचा पुरुष. जो दुसऱ्यांच्या दारावर जात नाही, त्याच्या दारावर उद्या कुणी येत नाही.

पहिल्या सकाळी मी नानाच्या शेजारी बसलो होतो. मायच्या माहेरची माणसं आली. म्हातारे, सभ्य, आबांवर जीव असलेले लोक. नाना पाणी द्यायला उठला होता, म्हणून त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, "आबा गेले." एवढंच. माझा चेहरा तेव्हा कसा होता ते मला माहीत नाही, मी काहीही केलं नव्हतं. समोरच्या म्हाताऱ्याचे ओठ थरथरले. त्यानं ते दाबायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मंग, रजा भेटनी का?"

सतरंजीवरचे सगळे हसले. हसले म्हणजे काय, डोक्यावरची उपरणी तोंडात कोंबून गदगदले. म्हाताऱ्याला स्वतःची एवढी लाज वाटली की तो माझ्या पायाशी वाकायला लागला, आणि त्यामुळं लोक आणखी हसले. नाना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभा होता. त्यानं तांब्या खाली ठेवला आणि हळूच म्हणाला, "तू आत बस."

मी आत बसलो. दहा दिवस धान्याच्या कोठीला टेकून, बायकांच्या रडण्यात. बाहेरून नानाचा आवाज यायचा, दोन दिवस ताप होता, तिसऱ्या दिवशी. माझा बाप गेला आणि मला तो गेल्याचं सांगायची बंदी होती. मला लाज वाटली, पण लाजेपेक्षा राग जास्त आला. त्या म्हाताऱ्याचा नाही आणि नानाचाही नाही. उठून आत गेलो याचा आला. मी बसून राहायला हवं होतं.

पुढं मालिका संपली, पण लोकांच्या डोक्यातून ती संपली नाही. नातलगांकडं कुणी वारलं की निरोप यायचा, भाऊ, तुम्ही नका येऊ, वहिनींना पाठवा, तुम्हाला समजतंच ना. मला समजत होतं. बायको एकटी जाऊन यायची आणि मी भुसावळच्या क्वार्टरमध्ये वर्तमानपत्र वाचत बसायचो. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा मी धोतर नेसून तिच्यासोबत निघालो. ती म्हणाली, लोक हसतील. मी म्हणालो, हसू देत, मी सिनेमा सोडणार नाही आणि दारही सोडणार नाही. या दोन्हींतलं एक निवडायला मला कुणी सांगू नये.

तेव्हापासून मी एकही दार चुकवलं नाही. आधी मी मागं, कोपऱ्यात, उपरण्यात तोंड लपवून बसून पाहिलं. ते चूक होतं, लपलेल्या मला बघून लोकांना दुप्पट हसू यायचं. मग गंभीर बसून पाहिलं. ते तर त्याहून वाईट, कारण गंभीर चेहऱ्याच्याच मी आजवर भाकरी खाल्ल्या होत्या. शेवटी मी काही करायचंच सोडलं. सरळ बसायचो आणि उठायचो नाही. पार्सल ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठांची आई गेली, तेव्हा त्यांच्या घरी मी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली दोन तास बसलो. पहिला अर्धा तास लोक एकमेकांकडं बघत नव्हते, बघितलं की फुटायचे. वरिष्ठ शांतपणे म्हणाले, ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्या, हा काही उठणार नाही. दुसऱ्या तासाला कुणी हसत नव्हतं. आमच्या गल्लीतला मुसलमान टेलर गेला, त्याच्या मुलांकडंही मी असाच बसून आलो. मला एवढं कळलं की माणूस हलला नाही तर हसू त्याच्याआधी दमतं. यात कसब काही नाही. पाठ दुखते, तेवढं सोसावं लागतं.

या काळात कामं चालूच होती. मी खाजगी वाहिन्यांवरही दिसलो, केस पांढरे झाल्यावर विनोदी आजोबाही झालो, थोबाडीत खाणं कमी झालं. नाना मात्र तसाच राहिला. मी गावी गेलो की शेताचं बोलायचा, शाळेचं बोलायचा. आबांच्या दाराचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही.

मग एका हिवाळ्यात माय डोळ्यांच्या ऑपरेशनला माझ्याकडं भुसावळला आली. डोळा छान झाला. ती दोन महिने राहिली आणि मग एका सकाळी अंगणात उन्हात बसल्या बसल्या गेली. नानाला मी शाळेत फोन केला. आम्ही तिला गाडीनं गावी नेलं, तो वेशीवर उभा होता. त्यानं तिला दिवाळीनंतर जिवंत पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सतरंजी टाकली. मी येऊन तिच्यावर बसलो. तो माझ्याकडं बघत उभा राहिला, आणि मग त्याच जुन्या हळू आवाजात म्हणाला की तू आत बस. मी म्हणालो, "नही, नाना. ती मन्हा घर गई. मी आठेच बससू." तो माझ्यापासून हातभर जागा सोडून बसला.

पहिली माणसं आली. कर्ता नाना, म्हणून विचारलं त्याला. नाना सांगायला लागला, डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते चांगलं झालं, मग काल सकाळी. तिथं तो अडला. पुढं काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. काल धावपळीत त्यानं मला विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून सांगितलं नव्हतं. पाहुणे वाट बघत होते. एका म्हाताऱ्यानं विचारलं, शेवटी काही बोलली का? मग मी सांगायला लागलो, आणि मागच्या बाजूला कुणीतरी खुसकन हसलं.

मी थांबलो नाही. सकाळी सात वाजता उठली, चहा घेतला, अंगणात खाट टाकून दिली, तिच्यावर बसून उडीद निवडत होती. दुसरा हसला. तिसऱ्यानं खोकल्यासारखं केलं. मी पुढं गेलो. पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायली. म्हणाली, ऊन सरकलं, खाट सरकव. मी खाट पायाकडून उचलून उन्हात ओढली, वर बघितलं, तर ती गेली होती. मी शेवटापर्यंत पोचलो तेव्हा दोन जण अजून तोंड दाबून होते. ते उठून गेले. पुढची माणसं आली, मी पुन्हा सात वाजल्यापासून सांगितलं. त्यांच्यातलेही हसले. दिवसभरात कितीदा सांगितलं कोण जाणे. सिनेमात एकच प्रसंग बारा-बारा वेळा करायची मला सवय होती, पण तिथं चुकलं की थांबता येतं. इथं थांबायचं नव्हतं. जेवायच्या वेळेला बायकोनं आत बोलावलं, मी गेलो नाही. तिनं पाणी बाहेर आणून दिलं.

तिसऱ्या दिवशी हसणारे कमी झाले. चौथ्या दिवशी एकाच घोळक्यात एक जण हसला आणि त्याच्याच शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं. नाना सगळा वेळ तिथंच असायचा. दर खेपेला तो ऐकायचा, जणू पहिल्यांदाच ऐकतोय असं, आणि खाट ओढायच्या जागी मान वळवायचा. आम्हा दोघांमधली हातभर जागा अजून तशीच होती.

पाचव्या दिवशी दुपारी माणसांची ये-जा थांबली. सतरंजीवर आम्ही दोघंच होतो. नानानं उपरणं काढून मांडीवर ठेवलं, त्याची घडी केली, मोडली, पुन्हा केली. माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "मायनी मन्हं नाव काढं का रे?"

पाच दिवस त्याला हेच विचारायचं होतं. मी दर वेळी सगळं सांगत होतो आणि तो दर वेळी त्यात आपलं नाव येतंय का ते बघत होता. मला रडू आलं. हो म्हणणं फार सोपं होतं. हो, तुझी आठवण काढली, नाना आला का असं विचारलं. खोटं दुःखी चेहऱ्यानं सांगणं हा माझा धंदा, त्यावर माझं घर चाललं, आणि ते इतकं चांगलं सांगता येणारा माणूस जिल्ह्यात दुसरा नसेल. त्याला आयुष्यभर पुरेल असं एक वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण मग दारावर नटच बसला असता. मी आबांच्या वेळेपासून ज्यासाठी पाठ मोडून बसलो होतो ते त्या एका वाक्यात गेलं असतं, आणि त्याच्या हातात आईच्या नावानं माझी थाप राहिली असती.

मी म्हणालो, "नही, नाना. कोनंच नाव नही काढं. ऊन सरकनं, इतलंच बोलनी."

त्यानं मांडीवरचं उपरणं उचललं. डोळे पुसले, उघड्यावर, लपवले नाहीत. मग उठून माठाकडं गेला, स्वतः पाणी प्यायला आणि मला एक पेला आणून दिला. परत बसताना तो जरा अलीकडं बसला. तेवढ्यात दोंडाईच्याच्या बाजूनं एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून सात-आठ माणसं उतरली. ती डोकं झाकून समोर बसली. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यानं रिवाजाप्रमाणे नानाकडं बघून विचारलं, काय झालं होतं?

नानानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"याले इचारा," तो म्हणाला. "माय याना जवळ व्हती."

मी पाण्याचा पेला बाजूला ठेवला आणि सकाळी सात वाजल्यापासून सांगायला सुरुवात केली.